‘फॅविकॉन’ला मराठीत काय म्हणावं?

ब्राउझरच्या टॅबवर साइटच्या नावाआधी जे इवलंसं चित्र दिसतं, त्याला मराठीत रुळलेला शब्द आहे का? स्वतःची वेबसाइट कशी बनवावी यावर एक टिपण लिहितोय आणि दर दोन ओळींनी ‘फॅविकॉन’ येतोय. तोंडी सांगायला गेलं की समोरच्याला हटकून ‘फेविकॉल’ ऐकू येतं. ‘बोधचिन्ह’ चालेल का?

*

बोधचिन्ह नको. तो लोगो. लोगो लेटरहेडवर आणि पाटीवर मिरवतो, त्यात नाव असतं, कधी ब्रीदवाक्यही असतं. टॅबवर जागा असते १६ गुणिले १६, म्हणजे सगळे मिळून २५६ पिक्सेल. अख्खा लोगो त्यात कोंबला की डाग उरतो. म्हणून या कामासाठी लोगोतलं एखादंच अक्षर किंवा आकार उचलून वेगळं चित्र काढावं लागतं. वस्तू वेगळी, तर शब्दही वेगळा हवा.

*

आधी मूळ शब्द फोडून बघू. ‘फेव्हरिट्स’ आणि ‘आयकॉन’ यांचा हा जोडशब्द. १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत हे चित्र आलं. त्या ब्राउझरमध्ये बुकमार्कला ‘फेव्हरिट्स’ म्हणत. पान त्या यादीत टाकलं की ब्राउझर साइटच्या मुळाशी, म्हणजे सगळ्यात वरच्या फोल्डरात जाऊन ‘फॅविकॉन डॉट आयसीओ’ नावाची फाइल मागायचा. ती किती वेळा मागितली गेली हे सर्व्हरच्या नोंदीत मोजून आपलं पान किती जणांनी जपून ठेवलं याचा अंदाज साइटवाले बांधत. आता तीच फाइल साध्या भेटीतही मागितली जाते, त्यामुळे तो हिशेब संपला. आवडीशी असलेला संबंध तुटला, नाव तेवढं मागे राहिलं. मराठी शब्दात ‘आवड’, ‘पसंती’ वगैरे आणायची गरज नाही.

जाता जाता: जुन्या एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात तिच्यात, ‘शॉर्टकट आयकॉन’ असं लिहिलेलं दिसतं. त्यातला ‘शॉर्टकट’ही असाच मागे राहिलेला. आता नुसतं ‘आयकॉन’ पुरतं.

*

मग ‘वाचनखूण’ का नको? शब्द तयार आहे, लोकांच्या तोंडात आहे.

*

वाचनखूण वाचक घालतो. हे चित्र साइटचा मालक ठेवतो. दोन्हींना एकच शब्द वापरला तर ‘माझी वाचनखूण बदलली’ म्हणजे नेमकं कोणी काय केलं, कळणार नाही.

‘खूण’ मात्र सोडू नका. पंधरा टॅब उघडे असले की नावं कापली जातात, पुढे पुढे तर एक अक्षरही दिसत नाही. तेव्हा आपण खुणेवरूनच टॅब ओळखतो. ‘चिन्ह’ जरा सभेत बसल्यासारखं वाटतं. ‘मुद्रा’ म्हटलं की अधिकार आला, नाणं आलं, नर्तकीचे हातही आले. आणि ‘आयकॉन’ वर्तमानपत्रांनी केव्हाच माणसांना बहाल केलाय.

*

मला ‘टिकली’ आवडेल. लहान आहे, टॅबच्या कपाळावर आहे, आणि मराठीला वस्तू लहान करायची असली की ती स्त्रीलिंगी होते: डबा-डबी, लोटा-लोटी.

*

टिकली गोड आहे, पण ती गोलच डोळ्यांपुढे येते. आणि ‘साइटला टिकली लावा’ हे सूचनेत लिहून दाखवा न हसता.

*

शब्द काहीही ठरवा, देवनागरी अक्षराची खूण करणाऱ्यांना एक सांगतो, पोळलोय म्हणून. माझं नाव ‘ध’वरून. मोठ्या आकारात अक्षर काढलं, प्रोग्रामला १६ पिक्सेलवर आणायला सांगितलं. टॅबवर ‘घ’ दिसू लागला. दोघांत मोठा फरक डावीकडच्या शिरोरेखेतल्या फटीचा. ती उरली होती एक पिक्सेल, आणि कडा मऊ करताना प्रोग्रामने तीही करड्या रंगाने बुजवली. शेवटी १६ गुणिले १६ चौकटींचा कागद घेऊन एकेक पिक्सेल हाताने भरला, फट तीन पिक्सेलची केली, मगच ‘ध’ परत आला.

वेलांटी, रफार टाळा. शिरोरेखेला दोन पिक्सेल गेल्यावर खाली फार तर चौदा उरतात, वर वेलांटी चढवली तर अक्षर आठात बसवावं लागतं. ग, प, म, त तगतात, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांचा गोळा होतो. आयसीओ फाइलमध्ये एकाच वेळी १६, ३२, ४८ असे अनेक आकार मावतात, तेव्हा लहान चित्र वेगळं काढून त्यात ठेवता येतं.

चित्र बदलल्यावर टॅबवर जुनंच दिसलं तर घाबरू नका. ब्राउझर ते साठवून ठेवतो आणि सहजी सोडत नाही. फेविकॉल ऐकू येतं ते अगदीच चूक नाही.

*

‘टॅबखूण’ कसा वाटतो? चालवून पाहिला: टॅबखूण बनवली, टॅबखुणेचा आकार, दोन साइटांच्या टॅबखुणा. कुठे अडला नाही.

*

पण ती बुकमार्कच्या यादीतही दिसते आणि ब्राउझरच्या इतिहासातही. तिथे टॅब कुठे?

*

मान्य. ‘साइटखूण’ करून पाहिला, पण तो नकाशावरचा वाटला. टिपणात पहिल्या उल्लेखाला ‘टॅबखूण, म्हणजेच फॅविकॉन’ असं लिहितो आणि पुढे नुसतं ‘खूण’. फाइलचं नाव अर्थातच आहे तसं, ते बदललं तर ब्राउझर ती आपणहून शोधणार नाही.