लॉर्ड नुसता साथीला?

'डीप पर्पल म्हणजे रिची ब्लॅकमोरची गिटार, जॉन लॉर्ड आपला साथीला' हे या ब्रिटिश रॉक बँडबद्दल कुणीतरी मांडलेलं मत काही पचलं नाही. बँडचा कीबोर्डवादक लॉर्ड याने हॅमंड ऑर्गन (विजेवर चालणारा ऑर्गन) थेट गिटारच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, म्हणून तर तो गिटारसारखा गुरगुरतो. त्यांच्या 'हायवे स्टार' गाण्यात आधी ऑर्गनचा सोलो येतो, गिटारचा नंतर. हेडफोन लावून ऐकाच.

आणि १९६९च्या त्या कॉन्चेर्टोचा (ऑर्केस्ट्रासोबत वाजवायच्या मोठ्या रचनेचा) विषय कुणीच काढला नाही? बँड आणि ऑर्केस्ट्रासाठी लॉर्डनेच लिहिलेली, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये वाजलेली. पुढे तिची स्वरलिपी गहाळ झाली! मार्को डी खुय या डच संगीतकाराने रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकून ती जवळजवळ सगळी उतरवून काढली, उरलेलं लॉर्डने भरलं आणि १९९९मध्ये ती त्याच हॉलमध्ये परत वाजली. साथीदाराच्या रचनेसाठी एवढा खटाटोप कोण करतं?