तालमीत गजकर्ण पसरलंय, मदत हवी आहे (तातडीने)

एकेरीपट: मुलाच्या मानेवर आणि दंडावर गजकर्ण उठलंय. तालमीतल्या आणखी सहा-सात पोरांना आहे. एकाचं जातंय तोवर दुसऱ्याला. पंधरा दिवसांवर कुस्तीची स्पर्धा. मलम महिनाभर लावतोय. पसरणं थांबवायचं कसं? लवकर सांगा.

सांजवात: कुठलं मलम? मुलगा केवढा? माती की मॅट?

एकेरीपट: नववीत आहे. मॅट. मलम मेडिकलवाल्यानं दिलंय. लावलं की दोन दिवसांत खाज जाते, सोडलं की दुप्पट येतं.

चष्मेबद्दूर: नळीवर बारीक अक्षरांत क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलंय का बघा. ते स्टेरॉइड. खाज दबते, बुरशी आत माजते. त्वचेच्या डॉक्टरकडे न्या, सगळ्या पोरांना एकदमच. एकेकटा बरा करत बसलात तर जोड (सरावाची कुस्ती) धरली की परत लागणार.

जुना_लंगोट: हे मॅटचे चोचले! आम्ही मातीत ताक, लिंबू, हळद, कापूर घालायचो. कुणाला कधी काही झालं नाही.

चष्मेबद्दूर: झालं असेल, तेव्हा त्याला नायटा म्हणत असाल.

खुराकवाला: भिजवलेले बदाम किती देता? सोबत तूप हवंच.

सांजवात: अहो, बुरशीला बदामाचं काय! एकेरीपट, मुलगा अंग कशानं पुसतो?

एकेरीपट: पंचा. खुंटीवर असतो, जो येईल तो वापरतो.

सांजवात: मग सापडलं. प्रत्येकाचा पंचा वेगळा. लंगोट, बनियन रोज गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. सराव झाला की लगेच आंघोळ.

जर्सीकर: इथे न्यू जर्सीत मुलगा शाळेतून कुस्ती खेळतो. सामन्याआधी पोरांचं अंग तपासतात. गजकर्ण असेल तर किमान 72 तास औषध, डोक्यात असेल तर 14 दिवस, वर डॉक्टरची सही. मॅट रोज जंतुनाशकानं पुसतात.

जुना_लंगोट: सही घेऊन कुस्ती? छान.

एकेरीपट: नळी पाहिली. क्लोबेटासोल आहे. आजपासून बंद करू का?

चष्मेबद्दूर: उद्याच डॉक्टरला नळी दाखवा, ते सांगतील तसं करा. तोवर जोड बंद. बैठका, दोर, पळणं चालेल. स्पर्धेचं मात्र डॉक्टरच ठरवतील.

एकेरीपट: वस्ताद ऐकतील असं वाटत नाही. पंचा तरी आजच काढतो.

खुराकवाला: बदामाचं राहिलंच.