पवित्र भूमीच्या यात्रेसाठी आईला न्यायचंय, गुडघ्यांचं काय करू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आम्ही वडगाव शेरीचे, आई ७१ वर्षांची, दरवर्षी हरेगावला मतमाउलीच्या (मारियामातेच्या) यात्रेला जाते, आता म्हणते एकदा जेरुसलेम बघितलं की झालं. पण गुडघे पार गेलेत हो तिचे, पर्वती सोडाच, आमच्या बिल्डिंगचे दोन मजले चढताना पण मध्ये थांबते.

एजंट म्हणतो सगळं सोपंय, पण येशू क्रूस घेऊन गेला त्या क्रूसाच्या वाटेची १४ स्थानं, त्यातली शेवटची ५ पवित्र कबरीच्या चर्चमध्येच, आणि आतमध्ये कालवारीवर (येशूला क्रूसावर दिलं ती जागा) जायला उभ्या दगडी पायऱ्या आहेत म्हणे. तिथे हाताला धरून चढवता येतं का, की मागून गर्दी ढकलत असते? बेथलेहेमच्या चर्चचं दार जेमतेम ४ फूट, वाकून जायचं, ते ती करेल, कमरेची तक्रार नाहीये, पण खाली गुहेत येशूच्या जन्माच्या जागेवरच्या ताऱ्यापाशी उतरायला परत पायऱ्याच ना?

कुणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलंय का? व्हीलचेअर जुन्या शहरातल्या फरशीवरून चालते का नुसतीच अडकते? उत्तरेकडचं गालीलच्या बाजूचं कमी चालण्याचं असेल तर तिकडे जास्त दिवस ठेवू का? तिने यार्देन (जॉर्डन) नदीच्या पाण्यासाठी बिसलेरीच्या बाटल्या आत्ताच धुवून ठेवल्यात, त्यामुळे नाही म्हणायची सोय नाही 😅