नगरपरिषदेच्या श्वान केंद्रासाठी माणसं कोण आणि किती मागावीत?

निरीक्षक_सातारा
नमस्कार मंडळी. मी एका छोट्या नगरपरिषदेत स्वच्छता निरीक्षक आहे. जुन्या कोंडवाड्याच्या जागेत भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचं केंद्र सुरू होतंय. पिंजरे, ऑपरेशनची खोली, जखमी जनावरांसाठी दोन खोल्या. मनुष्यबळाचा प्रस्ताव माझ्याकडे आलाय. वरून सूचना अशी की एक मानधनावरचा डॉक्टर, एक पशुधन पर्यवेक्षक घ्या आणि बाकी सफाई कामगारांतून भागवा. डॉक्टर नसेल त्या दिवशी अनुभवी पर्यवेक्षकाने ऑपरेशन केलं तर चालेल का? आणि रात्री माणूस ठेवावाच लागतो का?

निवृत्त_पशुधनविकास
पर्यवेक्षकाने ऑपरेशन करायचं नाही, कितीही हात बसलेला असला तरी. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम १९८४ च्या कलम ३० प्रमाणे ते काम नोंदणीकृत पशुवैद्यकाचंच. पर्यवेक्षकाने किरकोळ उपचार करायचे, तेही डॉक्टरच्या देखरेखीत. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ मध्ये आले आहेत, त्यानुसार प्रकल्पाची मान्यता आधी घ्या, मग भरती.

आता रात्रीचं. ठेवाच. मी नोकरीत असताना नसबंदीची बरीच शिबिरं पाहिली. टाके उत्तम घातलेली कुत्री सकाळी मेलेली सापडायची, कारण दुपारी पाच वाजता सगळे घरी. झायलाझिन-केटामिनची भूल दिलेलं कुत्रं शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याजवळ माणूस लागतो. मान सरळ, जीभ बाहेर ओढलेली, अंगाखाली कोरडं पोतं. गार फरशीवर अंगातली ऊब झपाट्याने जाते. केटामिनमध्ये डोळे उघडेच राहतात, पापणी लवत नाही, म्हणून डोळ्यांत मलम घालावं लागतं. ते राहिलं तर बुबुळ कोरडं पडून जखम होते. हे सगळं करतो तो परिचर. त्याचं पद प्रस्तावात स्वतंत्र मागा, दिवसपाळी आणि रात्रपाळी दोन्हीला. रस्ता झाडून दमलेल्या माणसावर हे काम ढकलणं त्याच्यावरही अन्याय आहे आणि मुक्या जनावरावरही.

गल्लीतली_ताई
डॉक्टर साहेबांशी पूर्ण सहमत. आमच्या भागातल्या एका केंद्रात गॅस्ट्रोची पिल्लं आणि ऑपरेशनची कुत्री एकाच माणसाकडे होती. रोज फिनेलने धुवायचे, तरी पिल्लं जातच राहिली.

निवृत्त_पशुधनविकास
ताई, लक्षणं पार्वोची (पिल्लांना उलट्या-जुलाब करणारा विषाणूचा रोग) वाटतात, आणि पार्वोचा विषाणू फिनेलला दाद देत नाही. आधी घाण काढून जागा साबणाने धुवायची, मग ब्लीचचं पाणी मारून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. आजारी पिल्लांचा माणूस, बादली, झाडू, गमबूट सगळं वेगळं. माणूस वेगळा देता येत नसेल तर निरोगी पिंजरे आधी, आजारी खोली शेवटी. हा क्रम भिंतीवर लिहून लावा.

निरीक्षक_सातारा
डॉक्टर साहेब, खूप आभार. कामगारांना रेबीजची लस कुठल्या खर्चात दाखवू? लेखा विभाग म्हणतो, चावल्यावर सरकारी दवाखान्यात मोफत मिळते.

निवृत्त_पशुधनविकास
चावल्यावरची वेगळी. पकडणारे, परिचर, डॉक्टर, गाडीचा ड्रायव्हर, सगळ्यांना आधीच द्यायची: ० आणि ७ व्या दिवशी, तिसरी २१ किंवा २८ व्या. ही पूर्ण झालेल्या माणसाला पुढे कुत्रं चावलं तर ० आणि ३ व्या दिवशी असे दोनच डोस पुरतात, इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. जखम मात्र साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचीच. तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र द्या आणि तोवर खर्च केंद्राच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत धरा. लस पूर्ण झाल्याशिवाय एकालाही जाळी हातात देऊ नका, उद्घाटनाची तारीख पुढे गेली तरी चालेल.

मानधनावरच्या डॉक्टरचंही एक बघा. फक्त शस्त्रक्रियेमागे पैसे ठरवले तर ऑपरेशन झालेल्या कुत्र्याकडे दुसऱ्या दिवशी कोण बघणार? रोजची फेरी आणि सोडण्याआधीची टाक्यांची तपासणी करारात लिहून घ्या. मसुदा तयार झाला की इथे टाका, पदं आणि पाळ्या मी तपासून देतो.