विद्यापीठाच्या रेडिओचा इतिहास कुठे शोधू?

पत्रकारिता_दुसरंवर्ष

नमस्कार मंडळी. प्रकल्पाला विषय मिळालाय ‘विद्यापीठातील सामुदायिक रेडिओचा इतिहास’. चार दिवस झाले शोधतेय, सगळीकडे त्याच तीन ओळी: स्थापना, उद्दिष्ट, फ्रिक्वेन्सी. मार्गदर्शकांना ३० पानं हवी आहेत. दुसरं म्हणजे पुणे विद्यापीठाची विद्यावाणी १०७.४ वर, मुंबई विद्यापीठाचं केंद्र १०७.८ वर आणि बाकीची बरीच ९०.४ वर, असं का? आणि जुने कार्यक्रम ऐकायला मिळतील का कुठे?

तळजाईकर

सोपं आहे. सामुदायिक रेडिओचं धोरण २००६ चं. तिथून सुरुवात कर, त्याआधी काही नव्हतं.

कन्सोलवाली

तळजाईकर, त्याआधी विद्यापीठंच तर होती! २००२ च्या डिसेंबरात सरकारनं परवानगी दिली ती फक्त शिक्षणसंस्थांना. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं अण्णा एफएम १ फेब्रुवारी २००४ ला सुरू झालं, देशातलं पहिलं कॅम्पस केंद्र. २००६ साली दार उघडलं ते स्वयंसेवी संस्थांसाठी.

पण तुझ्या प्रकल्पाची सुरुवात तिथूनही करू नकोस, क्रिकेटपासून कर. १९९३ च्या हिरो कपचे सामने कोण दाखवणार यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार कोर्टात गेले. ९ फेब्रुवारी १९९५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची एकट्याची नव्हे. त्या खंडपीठात आपले न्या. पी. बी. सावंत होते. तरी पुढची सात वर्षं काही हललं नाही. तिकडे तेलंगणातल्या झहिराबादजवळच्या दलित शेतकरी बायका स्टुडिओ तयार ठेवून, कॅसेटवर कार्यक्रम करत वाट बघत होत्या. त्यांचा संगम रेडिओ हवेत गेला २००८ मध्ये. परवानगी आधी आपल्या विद्यापीठांना मिळाली, कारण कुलगुरूंच्या आवारातला माइक सरकारला बिनधोक वाटला. हे माझं मत, प्रकल्पात लिहायचं तर माझ्या नावावर ढकल.

फ्रिक्वेन्सी मागून मिळत नाही, दिल्लीहून येते. ट्रान्समीटर फार तर ५० वॅटचा, टॉवर ३० मीटरच्या आत. एवढ्या ताकदीवर आवाज दहाएक किलोमीटर गेला तरी खूप, म्हणून तोच ९०.४ लांबलांबच्या गावांना पुन्हा पुन्हा देता येतो. एफएमला मध्ये डोंगर आला की संपलं. मी राहायची कोथरूडला. गणेशखिंडीतलं विद्यापीठ आणि आमचं घर यांच्यामध्ये वेताळ टेकडी. विद्यावाणी ऐकायची तर गच्चीवर जाऊन मोबाइलला इअरफोन लावायचे (त्या फोनची एरियल म्हणजे इअरफोनची वायरच) आणि वायर हातात धरून उभं राहायचं. खाली वाळवण घालणाऱ्या काकूंना वाटायचं, पोरगी प्रेमात पडलीय.

पत्रकारिता_दुसरंवर्ष

ताई, म्हणजे तुम्ही स्वतः केंद्रावर होतात? जुन्या कार्यक्रमांचं सांगा ना.

कन्सोलवाली

होते, तीन वर्षं. कुठल्या केंद्रावर ते विचारू नकोस, तिथली माणसं अजून दिवाळीला फराळ पाठवतात.

आम्हाला बातम्या वर्ज्य. एकदा रखडलेल्या निकालासाठी पोरांनी मुख्य फाटकाशी ठिय्या दिला. घोषणा स्टुडिओच्या काचेतून ऐकू येत होत्या, साउंडप्रूफिंग म्हणजे शेवटी गाद्याच होत्या. मी कन्सोलवर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या बटणांच्या टेबलावर. काय बोलायचं? शेवटी दर अर्ध्या तासाला सांगत राहिले, ‘मुख्य फाटक बंद आहे, मागच्या दारानं या.’ संध्याकाळपर्यंत मागच्या दारालाही गर्दी.

आणि आता तुझा तिसरा प्रश्न, ज्यासाठी एवढं लिहायला बसले. प्रसारित झालेला कार्यक्रम केंद्रानं तीन महिने जपायचा, असा नियम आहे. तीनच महिने! त्यापुढे डिस्क भरली की पुसायची, आम्हीही पुसली. शेजारच्या वस्तीतल्या एका आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायला यायच्या, मांडी घालूनच बसायच्या, म्हणून आम्ही माइकचा स्टँड जमिनीपर्यंत खाली घ्यायचो. चार भाग झाले. पाचव्याच्या आधी त्या गेल्या. मुलगा आवाज मागायला आला तोवर त्या डिस्कवर करिअर मार्गदर्शन होतं. पुसण्याचं बटण मीच दाबलं होतं. त्याला चहा पाजला आणि खोटं सांगितलं, शोधते म्हणून.

तेव्हा माहितीपत्रकं सोड. लॉगबुक माग. किती वाजता ट्रान्समीटर चालू, कधी वीज गेली, कुणाचा कार्यक्रम, सगळं तारीखवार हातानं लिहिलेलं असतं. मग क्यू शीट, म्हणजे कशानंतर काय लावायचं त्याची यादी: पाठकोऱ्या कागदावर खाडाखोड करून लिहिलेल्या, कपाटाच्या खालच्या कप्प्यात असतात. आणि निवेदकांच्या आधी ट्रान्समीटर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाला गाठ. निवेदक आठवणी सांगतात, तो तारखा सांगतो.

तळजाईकर

२००६ बद्दल चूक झाली, मान्य. पण ताई, आता तर सगळं मोबाइलवर ऐकता येतं. ५० वॅटचं कौतुक कशाला?

कन्सोलवाली

कारण फोन-इनला जो माणूस बोलायचा तो दुसऱ्या दिवशी स्टुडिओच्या दारात उभा असायचा. ‘काल मला मध्येच तोडलंत’ म्हणून भांडायला. पॉडकास्टवाल्याला हे सुख नाही.

पत्रकारिता_दुसरंवर्ष

ताई, आज आमच्या केंद्रात गेले होते. लॉगबुक म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शिपाईकाकांनी मात्र माळ्यावरून दोन वह्या काढून दिल्या. एकीला वाळवी. दुसरीत पहिल्याच पानावर लिहिलंय: ‘स. ६.५५. संकेतधून लागली नाही. तोंडी सुरुवात केली.’

कन्सोलवाली

अगं, फोटो काढ आधी. प्रत्येक पानाचा. आजच.