औषध घरपोच, प्लंबर ॲपवर. मग गल्लीतला माणूस हवाच कशाला?

खटपट्या:
वडील अठ्ठ्याहत्तरचे, रक्तदाबाची गोळी कायमची. गुडघा दुखतोय म्हणाले, म्हणून कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे आयबुप्रोफेन मागितली. त्याने हात आखडता घेतला. "बाबांसाठी का? त्यांना दाबाची गोळी चालू आहे ना? आधी डॉक्टरांना फोन लावा." या जातीच्या वेदनाशामकांनी दाब चढतो, दाबाच्या काही गोळ्यांचा गुण कमी होतो, मूत्रपिंडावर ताण येतो तो वेगळाच. मोबाइलवरून मागवली असती तर तासाभरात दारात आली असती, एक शब्द न विचारता. माझं मत: घरात म्हातारं माणूस असेल तर ओळखीचाच माणूस बरा.

शंकासुर:
तुमचं नशीब. आमचा ओळखीचा औषधवाला ताप म्हटलं की चिठ्ठी न बघता अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या कापून देतो. विषाणूच्या तापावर त्यांचा काडीचा उपयोग नसतो. आणि ओळखीचा वायरमन? गीझरचा नळ झिणझिण्या देतो म्हटल्यावर म्हणाला, "चप्पल घालून आंघोळ करा." अर्थिंगची तार प्लगमध्ये जोडलेलीच नव्हती, तीही त्यानेच सोडलेली! पावती नाही, त्यामुळे तक्रार करायची तरी कुणाकडे? ॲपवर निदान नोंद तरी राहते.

निवांत:
नोंद राहते, इन्सुलिन राहत नाही. न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते. आमची भर दुपारी तीन तास गेटवरच्या टेबलावर तापत पडली होती. तक्रारीवर उत्तर आलं, "आपला अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे."

शंकासुर:
@निवांत, दुकानदार रात्री फ्रिज चालू ठेवून जातो का, हे कधी विचारलंत?

निवांत:
नाही विचारलं. (विचारायला हवं होतं, मान्य.)

पाणचक्की:
दोघंही माणूस कुठून आला यावरून भांडताय. आई न्हाणीघरात पडली, तेव्हा आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने टॉवेलची दांडी लावून दिली आणि वर "धरायला झालं" म्हणाला. आठवड्यात उपटून हातात आली. ती दांडी टॉवेल पेलायची, माणूस नाही. दुसरा आला तो ॲपवरून. त्याने आईला कमोडवर बसायला आणि उठायला सांगितलं, दोनदा. तिचा हात आपसूक जिथे गेला तिथे टाइलवर पेन्सिलची खूण केली, मग भिंत वाजवून पोकळ आहे का ते पाहिलं. ड्रिल बाहेर काढलं ते त्यानंतर.

खटपट्या:
पण पुढच्या वेळी तोच येईल याची खात्री काय?

पाणचक्की:
नंबर घेतलाय त्याचा. आता तो आमच्या ओळखीचाच की.

शंकासुर:
@खटपट्या, एक काम करा. मीटरपाशी आरसीसीबी असेल, ३० मिलिअँपिअरचा. गळतीच्या करंटला तोच वीज तोडतो. साधा एमसीबी एवढ्याशा गळतीला हलत नाही. त्यावर टेस्टचं बटण असतं. बसवल्यापासून कुणी दाबलंय?

खटपट्या:
आत्ता दाबलं. काही झालं नाही, दिवे चालूच.

शंकासुर:
मग उद्याच्या उद्या वायरमन बोलवा.

खटपट्या:
बोलावतो. कुठला, ते विचारू नका.