वयात येणारे मुलगे: आपल्या इंदूरकरांचे अनुभव लिहा

माझा मुलगा 14 चा. मागच्या महिन्यात टीममधून नाव गेलं म्हणून रडला तर सासरे बोलले, "काय पोरीसारखा रडतोस." रडणं थांबलं पण बोलणंही थांबलं हो, चार दिवस नुसतं हं आणि नाही. तुम्ही आपल्या पोरांशी कसं बोलता, काय चुकलं, काय जमलं, सगळं मोकळेपणानं लिहा.

एक बाबा, सुदामा नगर
ताई, आमचा 13 चा अचानक स्विमिंगला जाईना. मी ओरडलो, फी भरली आहे म्हणून. नंतर कळलं की छातीला गाठ आलीय, दाबलं की दुखतं, आणि पोरं चिडवतात. तो बिचारा दोन महिने कॅन्सर समजून बसला होता. डॉक्टर म्हणाले या वयात हार्मोन्समुळे निम्म्याशिम्म्या मुलांना होतं, बहुतेकांचं 6 महिने ते 2 वर्षांत आपोआप जातं. येताना स्कूटरवर मी सांगितलं, मलाही झालं होतं. मागून बराच वेळ काही आवाज नाही, मग राजवाड्याच्या सिग्नलला हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही कोणाला सांगितलं होतं?" कोणालाच नाही, म्हटलं. तेव्हापासून स्वप्नदोष, दाढी, सगळं स्कूटरवरच विचारतो. समोरासमोर बसवलं की गप्प.

आखाड्यात शिकवणारा काका
अनंत चतुर्दशीच्या झांकीसाठी, म्हणजे चित्ररथांच्या मिरवणुकीसाठी, पोरं लाठी शिकायला येतात. मागच्या वर्षी एक जण रोज तळहात सोलेपर्यंत मुद्गल फिरवायचा. मी विचारलं नाही, नुसतं हाताला तेल लावत बसलो. तिसऱ्या दिवशी म्हणाला, पप्पा मम्मीला मारतात, मला मोठं होऊन त्यांना मारायचंय. मला काय बोलावं सुचेना. मग त्याच्या मावशीला गाठलं, मुलांच्या हेल्पलाइनला, 1098 ला फोन केला. मुद्गल त्याचा सुरूच आहे, पण आता मोजून.

एक आत्या
भाच्याच्या वर्गातल्या ग्रुपवर मुलींच्या फोटोंना मार्क देत होते. हा बाहेर पडला तर ह्याचीच टर उडवली. मी शाबासकी दिली आणि विचारलं, त्या मुलींना कळलंय का? दुसऱ्या दिवशी स्वतःच टीचरकडे गेला.

भंवरकुआंला कोचिंग केलेला
आईला रोज फोनवर "सगळं मस्त" सांगायचो आणि रात्री छताकडे बघत पडायचो. एकदा 14416 लावला, टेली मानस, मन मोकळं करायची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, 2022 पासून. घरात मराठी, पण ते सगळं हिंदीत सांगणं सोपं गेलं, का ते माहीत नाही. प्लीज नंबर पोरांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

धागा सुरू करणारी
हे सगळं सासऱ्यांना वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत. आज सकाळी मी पोहे भिजवत होते, बाहेरच्या ओट्यावर ते नातवाला सांगत होते की 1991 ला मिल बंद झाली तेव्हा मी मोरीत नळ सोडून रडायचो, तुझ्या आजीला आवाज जाऊ नये म्हणून. मी बाहेर गेले नाही, पोहे तसेच ठेवले.